काकांना पिस्तूल हवं होतं: अक्कलकोट रस्त्यावरचं एक प्रकरण

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावर एमआयडीसी मागे पडली की कुंभारीपर्यंतच्या पट्ट्यात पहाटे दोन तऱ्हेचे सायकलवाले दिसतात. एक, भडक रंगाच्या जर्सी घालून अक्कलकोटच्या दिशेने निघालेले शहरातले हौशी लोक. दुसरे, यंत्रमागाच्या पाळीवर जाणारे किंवा पाळी संपवून घरी परतणारे कामगार, हँडलला डबा अडकवलेले. कुंभारीजवळ विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, पुढे २०२४ मध्ये चाव्या वाटलेली रे नगर ही कामगारांची वसाहत आहे. त्यामुळे या रस्त्यावर सायकल म्हणजे हौस कमी आणि पोट जास्त. दोन्ही गट रोज एकमेकांना बघतात, बोलत मात्र नाहीत. या प्रकरणामुळे ते एकदा बोलले.

प्रकरणातले काका पहिल्या गटातले. पंचावन्न उलटलेले, पेठेत कापडाचं दुकान, शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं तर यांनी लाखभराची सायकल घेतली. मी वकील आहे, आणि रविवारी त्याच गटाबरोबर सायकल चालवतो. काकांच्या परवानगीने हे लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मूळ प्रश्न बदललेला नाही: शहरात आणि शहराच्या वेशीवर सायकल चालवणाऱ्याने स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगावी का?

घडलं ते

नोव्हेंबरचे शेवटचे दिवस होते. सूर्योदयाला अर्धा-पाऊण तास बाकी. चौघे निघाले होते, काका नेहमीप्रमाणे मागे पडलेले. मागून नंबरप्लेट नसलेली फटफटी आली, मागे बसलेल्याने काकांच्या गळ्यातल्या चेनला हात घातला आणि हिसका दिला. चेन तुटली, काका उजव्या अंगावर पडले. हेल्मेटला चीर गेली, गळ्याजवळचं हाड मोडलं. सायकलवरून पडणारा माणूस हात पुढे टेकतो आणि सगळा मार खांद्यातून त्या हाडावर येतो; हाडांच्या डॉक्टरांना यात नवीन काही नसतं.

पुढचा भाग लक्षात ठेवा, कारण सगळं प्रकरण त्यावर फिरतं. फटफटी पुढे जाऊन थांबली. मागे बसलेला उतरून परत आला, पडलेल्या काकांच्या जर्सीच्या पाठीमागच्या खिशात हात घालून त्याने मोबाइल काढला, एक शिवी हासडली आणि दोघे पसार झाले.

काकांना उठवलं ते पुढे गेलेल्या मित्रांनी नव्हे. रात्रपाळी करून घरी निघालेला टॉवेल कारखान्यातला एक जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारा कामगार, मागून येत होता. त्याने काकांना रस्त्याच्या कडेला बसवलं, सायकल उचलून बाजूला घेतली, स्वतःच्या फोनवरून ११२ लावला आणि "शेठ, हात हलवू नका" एवढं सांगून मदत येईपर्यंत थांबला. पुढे तोच आमचा साक्षीदार झाला.

फिर्याद देताना पहिला प्रश्न कलमाचा. नुसतं हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खालचा गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण चोरी करता करता, किंवा चोरीचा माल नेता यावा म्हणून इजा केली, की ती जबरी चोरी होते, कलम ३०९. महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय यादरम्यान जबरी चोरी झाली तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. हाड मोडणं कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापत आहे, म्हणून कलम ३११ सुद्धा लागतं आणि तिथे किमान सात वर्षं. 'चेन गेली' असं म्हणत ठाण्यात जाणारे बहुतेक लोक स्वतःच गुन्हा हलका करून सांगतात. पडलो, हाड मोडलं, अंधार होता, तो परत आला, खिशात हात घातला, हा क्रम फिर्यादीत यायलाच हवा. घटना शहर आयुक्तालयाच्या हद्दीत की ग्रामीणच्या, यावर फिर्याद अडू शकत नाही. हद्द कुठलीही असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते आणि नंतर ती वर्ग होते.

मागणी

हात झोळीत असतानाच काका माझ्या ऑफिसात आले.

"वकीलसाहेब, मला लायसन काढून दे."

"कशाचं?"

"पिस्तूलचं. माझा भाचा टेक्सासला असतोय. तिकडं लोक कमरेला लावून सायकल चालवायलेत म्हणं. व्हिडिओ पाठवलाय, बघ."

व्हिडिओ खरा असणार. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढ व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं, आणि अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत आता तशीच स्थिती आहे. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा एक जुना नियम रद्द केला. पिस्तूल घेऊन बाहेर पडायचं तर खास कारण दाखवा, असा तो नियम होता. शस्त्र बाळगणं हा तिथे राज्यघटनेने दिलेला हक्क आहे. म्हणून तिथल्या सायकलवाल्यांमध्ये वाद होतो तो 'घ्यावं का' आणि 'कुठे लावावं' याचा.

आपल्याकडे तो हक्कच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा नेमका हाच फरक नोंदवला: अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क भारतात कुणालाच नाही. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, २०१६ चे नियम आहेत, आणि परवाना ही सवलत आहे. काका शहरात राहतात, म्हणून अर्ज पोलीस आयुक्तांकडे. कुंभारीला राहत असते तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय किमान एकवीस, पोलीस चौकशी अहवाल, बंदूक सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरात ती कुठे आणि कशी कुलपात ठेवणार याची माहिती. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे गरज दाखवणं. तुमच्या जिवाला इतरांहून वेगळा, दिसणारा धोका आहे का? 'मी पहाटे सायकल चालवतो' हे उत्तर माझ्या मते टिकणारं नाही. त्या वेळी रस्त्यावर असलेला प्रत्येक दूधवाला, पेपरवाला आणि मागवाला तेच म्हणू शकतो.

काकांनी हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते दुकानाच्या गल्ल्याचं कारण दाखवू की. रात्री कॅश घेऊन येतोच मी घरी."

हा मुद्दा खोटा नव्हता. रोकड घेऊन रात्री घरी जाणारा व्यापारी हा परवान्यासाठी ओळखीचा अर्जदार आहे. पण मग तो अर्ज दुकानाचा, रात्रीचा आणि स्कूटरचा झाला. दुकानाच्या नावावर परवाना काढून पहाटे सायकलवर पिस्तूल नेणं कायद्यात बसेलही कदाचित. माझा आक्षेप वेगळाच होता: ज्या गोष्टीने काकांचं हाड मोडलं, तिच्यासमोर पिस्तूल काय करणार होतं?

रस्त्यावरची तालीम

हाड जुळल्यावर, डॉक्टरांनी परत सायकलची परवानगी दिल्यावर, एका रविवारी उजाडल्यानंतर आम्ही त्याच पट्ट्यात गेलो. गटातला एक पोरगा फटफटी घेऊन आला. पिस्तुलाच्या जागी काकांच्या जर्सीच्या मागच्या खिशात पाण्याची छोटी बाटली. ठरलं ते इतकंच: पोरगा मागून येईल, काकांच्या खांद्याला नुसता हात लावेल, आणि त्याच्या आधी काकांनी बाटली काढून त्याच्याकडे रोखायची.

पहिल्यांदा काकांना कळायच्या आत पोरगा पुढे निघून गेला. दुसऱ्या वेळी काका सावध होते, आवाज येताच त्यांनी उजवा हात मागे नेला आणि सायकल डावीकडे अशी गेली की सगळे एकदम ओरडले. मग काकांनी ठरवलं की आधी थांबायचं, पाय टेकायचा, मग काढायचं. थांबेपर्यंत पोरगा पुढे चहाच्या टपरीपाशी पोचला होता. तिथे बसलेल्या दोघांना हा काय प्रकार चाललाय ते कळेना. त्यांनी आम्हाला विचारलं, शूटिंग आहे का.

हिशेब साधा आहे. फटफटी सायकलपेक्षा ताशी २० किलोमीटरने जास्त वेगात असेल तर ती सेकंदाला साडेपाच मीटरने अंतर कापते. वारा कानावर असताना दहा मीटरवर आवाज उमगला, तर तुमच्याकडे दोन सेकंदसुद्धा नाहीत. आणि दर फटफटीच्या आवाजाला हात पिस्तुलाकडे नेणार का? अक्कलकोट रस्त्यावर मग हात तिथेच ठेवावा लागेल. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी पोलिसांसाठी एक हिशेब मांडला होता: माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात धावून येतो, आणि शिकलेल्या पोलिसाला कमरेचं पिस्तूल काढून झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. तो पोलीस दोन पायांवर उभा असतो, हल्लेखोर समोरून येत असतो आणि ते त्याला दिसत असतं. काका दोन चाकांवर होते, हल्ला मागून होता, दोन्ही हात हँडलवर आणि बोटं ब्रेकवर.

त्यात आपल्या नियमांची भर. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते अंगाला लावलेल्या म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं लागतं. नुसतं बाहेर काढून दाखवणंसुद्धा मना आहे. म्हणजे 'दाखवलं की पळतील' हा गटातला आवडता युक्तिवाद इथे फार दूर जात नाही.

तालमीनंतर टपरीवर काका बराच वेळ बोलले नाहीत. मग स्वतःच म्हणाले, "मोबाइल मागच्याच खिशात होता ना रे." मी हो म्हटलं. "म्हणजे पिस्तूल पण त्यानंच नेलं असतं."

मला जे सांगायचं होतं ते काकांनी माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं. चेन गेली तर सोनं गेलं. परवान्याचं पिस्तूल गेलं तर ताबडतोब फिर्याद, चौकशी, परवाना धोक्यात, आणि त्या दोन पोरांच्या हातात आता गोळ्या भरलेलं हत्यार. पुढचा सायकलवाला कोण असेल कुणास ठाऊक.

समजा, झाडलीच असती

गटात तरीही एकाचं म्हणणं होतं की पडल्यावर तरी काढता आलं असतं. तो परत आला तेव्हा झाडायची. हे मला गांभीर्याने घ्यावं लागलं, कारण कायदा इथे काकांच्या बाजूने काही अंशी उभा राहतो.

खासगी बचावाचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत बचाव करता येतो. जबरी चोरीविरुद्ध मालमत्तेचा बचाव करतानाही तसं होऊ शकतं. साध्या चोरीला, नुसत्या हिसकावण्याला, ती मुभा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात याची तत्त्वं एकत्र मांडली आहेत. भीती रास्त असली पाहिजे, ती संपली की हक्क संपतो, आणि बचावाचं रूपांतर सूड उगवण्यात होता कामा नये, असा त्यांचा गाभा.

आता त्या पहाटेचे तीन क्षण घ्या. चेनला हात पडला तो क्षण: कायद्याने ते अजून हिसकावणंच होतं, आणि काका हँडल सावरत होते. पडल्यावर तो परत आला तो क्षण: हाड मोडलेलं, तो अंगावर येतोय, इथे हक्क आहे. पण उजवा हात उचलत नाही, आणि पिस्तूल त्या मोडक्या बाजूखाली दबलेलं. तिसरा क्षण, ते पळाले तेव्हाचा: काकांना राग आला तो या क्षणी, झाडावंसं वाटलं असतं तेही या क्षणी. जबरी चोरीत मारहाण आणि तत्काळ इजेची भीती चालू असेतोवरच हा हक्क टिकतो. पाठमोऱ्या फटफटीवर झाडलेली गोळी म्हणजे काका आरोपीच्या पिंजऱ्यात. ताशी साठच्या वेगाने तीन सेकंदांत फटफटी पन्नास मीटर पुढे जाते, आणि तिच्या मागेपुढे पाळीचे कामगार. त्या गोळीच्या रेषेत आमचा तो जॉबरसुद्धा असू शकला असता.

हक्क जिथे होता तिथे हात चालत नव्हता. हात जिथे चालला असता तिथे हक्क उरला नव्हता. गटातल्या त्या मित्राला हे अजून पटलेलं नाही. तो म्हणतो वकिलांना सगळं अवघडच दिसतं. असेल.

आणि गोळी अगदी कायद्याच्या चौकटीत झाडली, तरी त्यानंतरचं आयुष्य कुणी सांगत नाही. पिस्तूल मुद्देमाल म्हणून जप्त. तपास, जबाब, कदाचित अटक. बचावाचा हक्क होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर. संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, पण शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकवावं लागतं, आणि त्यासाठी कोर्टात वर्षं जातात. त्यातली काही वर्षं माझ्या फीची असतील हेही काकांना सांगितलं. त्यावर ते हसले.

कुत्री, आणि एक जुनी फ्रेंच बंदूक

खरं विचारलं तर आमच्या गटात चोरांची भीती या घटनेनंतरची. त्याआधीचं रोजचं भय म्हणजे कुत्री. गावाच्या तोंडाशी, उकिरड्याजवळ, पाच-सहा कुत्री एकदम पायाला लागतात.

सायकलवाल्यासाठी बनवलेली बंदूक ही कल्पना या भीतीतूनच जन्मली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये 'व्हेलो-डॉग' नावाचं छोटं रिव्हॉल्व्हर विकलं जायचं. व्हेलोसिपेड म्हणजे सायकल, आणि पुढे डॉग. ५.७५ मिलिमीटरची बारकी गोळी, खिशात अडकू नये म्हणून झाकलेला घोडा, दुमडणारा चाप. काही जण त्यात शिशाऐवजी मिरपूड भरलेली काडतुसं वापरत. पाश्चरने रेबीजची लस १८८५ मध्ये पहिल्यांदा माणसाला टोचली होती; त्या काळातल्या माणसाला कुत्रा चावणं म्हणजे काय वाटत असेल याची कल्पना करता येते. काकांना ही गोष्ट फार आवडली. मिरपुडीवर त्यांचा विशेष जीव जडला.

आपल्याकडे कुत्र्यावर गोळी झाडली तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आणि न्याय संहितेचं कलम ३२५ समोर येतं. आणि गरजही नसते. गटातल्या जुन्या लोकांची पद्धत अशी: वेग कमी करायचा, पाय मारणं थांबवायचं, मोठ्याने दरडावायचं, आणि नाहीच ऐकलं तर उतरून सायकल मध्ये धरायची. पळणाऱ्या पायाचा पाठलाग करणारं कुत्रं उभ्या माणसाकडे बघून बहुतेक वेळा गोंधळतं. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. यात चालढकल नको.

मिरपुडीचा, म्हणजे पेपर स्प्रेचा, विचार काकांनी नंतरही सोडला नाही. तो विकत मिळतो, परवाना लागत नाही. पण चालत्या सायकलवर समोरच्या वाऱ्यात तो आधी आपल्याच डोळ्यांत येतो. आणि २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पेपर स्प्रे वापरल्याचा एक गुन्हा रद्द करायला नकार दिला, जिवाला धोका दिसत नसताना तो वापरला गेला या कारणावरून. तेव्हा तोही खेळण्यासारखा वापरायचा नाही. काकांच्या खिशात तो आता असतो. मी विरोध केला नाही.

एक गोष्ट मात्र मी मध्येच तोडली. गटातल्या कुणीतरी, नाव घेत नाही, काकांना हळूच सुचवलं होतं की लायसनच्या भानगडीत कशाला पडताय, गावठी कट्टा मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक जवळ सापडली तर किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. शिवाय तो कट्टा कधी पुढून फुटेल आणि कधी मागून, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. सायकलच्या नळीला काठी किंवा लोखंडी गज बांधणाऱ्यांनाही सांगतो: महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश आपल्याकडे सणासुदीला, निवडणुकीला वारंवार निघतात आणि त्यांत लाठ्या-काठ्यासुद्धा येतात. निवडणुकीच्या काळात परवान्याची पिस्तुलंही पोलिसांकडे जमा करायला सांगतात. म्हणजे काकांना परवाना मिळाला असता तरी वर्षातले काही आठवडे ते विनापिस्तुलाचेच.

काय केलं

अर्ज भरला नाही. निर्णय शेवटी कायद्याने घेतला नाही, काकूंनी घेतला. घरी दोन नातवंडं आहेत, कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात हे दोघांनाही ठाऊक आहे. काकू माझ्यासमोर काकांना एवढंच म्हणाल्या, "चेन घालून व्यायामाला जातंय का कुणी? आधी ती काढा की." चेन लग्नातली होती. काकांनी गप्प बसणं पसंत केलं.

पैशाचा हिशेब मात्र मी मांडला, कारण व्यापाऱ्याला तो कळतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं अर्ध्या किलोचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. सायकलच्या मागे बसवायचे दिवे आता रडारसह मिळतात. गार्मिन कंपनीचा अशा प्रकारचा एक दिवा मागून येणारं वाहन १४० मीटरवरून ओळखून हँडलवर सूचना देतो. वेगातला फरक तोच धरला तर दोन सेकंदांऐवजी पंचवीस. तेवढ्यात बाजूला घेता येतं, पुढच्याला हाक मारता येते. हा दिवा पिस्तुलापेक्षा पुष्कळ स्वस्त. पण रहदारीत तो सारखा वाजत राहतो आणि मग माणूस ऐकायचं सोडतो. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावरच त्याचा उपयोग. शिवाय मागून येणारा चोर आहे की दूधवाला, हे त्याला कळत नाही. काकांनी तो मागवला आहे. साधा आरसा आधीच लावला, अंधारात त्यात फक्त हेडलाइट दिसतो.

मोबाइलचं काम त्यामानाने सोपं होतं. फिर्यादीची प्रत आणि आयएमईआय नंबर, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, देऊन केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करून घेतला. बिल जपून ठेवल्यामुळे नंबर लगेच सापडला. चेन अजून मिळालेली नाही.

खरा बदल झाला तो वेळेत आणि सोबतीत. गट आता उजाडताना निघतो, सगळ्यात हळू चालवणारा पुढे असतो आणि बाकीचे त्याच्या वेगाने. काकांना ते जरा कमीपणाचं वाटतं, पण आता ते पुढे असतात.

कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात काही नवल वाटणार नाही. त्या रात्री दोन-तीन वाजताही त्या रस्त्यावर बाया-पोरं निर्धास्त चालत असतात. जागोजागी चहा असतो, दिवे असतात, माणसं असतात. रस्ता नेहमीचाच, अंधार नेहमीचाच.

पण हौशी गटाला वेळ बदलता येते. जॉबरला येत नाही. जबाबाच्या निमित्ताने तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला विचारलं, तुला नाही वाटत भीती? तो म्हणाला, "वाटतंय की ओ साहेब. पगाराच्या दिवशी आम्ही चार-पाच जण मिळून जातो. बाकीच्या दिवशी माझ्याकडं काय घेणार, डबा?" मग थोडं थांबून त्याने सांगितलं की त्याला चोरांपेक्षा ट्रकची भीती जास्त वाटते. दोन वळणांमध्ये खांब आहेत पण दिवे लागत नाहीत, आणि ट्रकवाल्याला सायकल दिसतच नाही. देशात रस्त्यावर वर्षाला मरणाऱ्यांचा आकडा २०२२ मध्ये १,६८,४९१ होता. त्यात सायकलवाले चार हजारांहून अधिक. यांतल्या कुणालाही पिस्तुलाने वाचवलं नसतं. हे वाक्य मी जॉबरला ऐकवलं नाही, त्याला ते आधीच माहीत होतं.

त्याच्या सायकलला मागे रिफ्लेक्टरसुद्धा नव्हता. आमच्या गटाने वर्गणी काढून लाल दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्या आणल्या, आणि पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकावर उभं राहून लावून दिल्या. काहींनी घेतल्या, काहींनी 'पोरं काढून नेतील' म्हणून नाकारल्या. काका स्वतः पाना घेऊन बसले होते, डाव्या हाताने.

बंद दिव्यांबद्दलचा अर्ज मी लिहिला. खांबांचे क्रमांक जॉबरने आणि त्याच्या जोडीदारांनी येता-जाता टिपून दिले, सह्या दोन्ही गटांच्या आहेत, सोबत फिर्यादीची प्रत जोडली आहे. संबंधित कार्यालयाची पोच मिळाली आहे. उत्तर आलेलं नाही, दिवेही लागलेले नाहीत. महिना उलटला की स्मरणपत्र, आणि त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज, असं ठरलं आहे. तो काकांच्या नावाने जाईल.